घरच्या विहिरीचं पाणी दूषित झालंय हे कसं ओळखायचं?

नितळ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. काविळीचे विषाणू, नायट्रेट (खतांतून, मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार), फ्लोराइड यांना ना रंग, ना वास. हंड्याच्या तळाशी रात्रीतून तांबूस गाळ बसला तर ते बहुधा लोह, त्याची फारशी भीती नाही. खरी भीती मैल्याची. पावसानंतर पाणी गढूळ, वास कुबट, घरात एकापाठोपाठ जुलाब, त्यात शोषखड्डा १५ मीटरच्या आत असेल तर एचटूएस (मैल्यातले जंतू ओळखणाऱ्या) चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवा. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर मैला मिसळल्याचा दाट संशय. तोवर खळखळून उकळूनच प्या. नायट्रेट मात्र उकळून जात नाही! घरात तान्हं बाळ असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्याच. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा.