थरथरणारे स्टेअरिंग, नवी पिकअप आणि दुसऱ्याच्या नावावरचा विमा

जुन्नर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट आणि इतर भाजीपाला वाशीच्या बाजारात पोचवणे हा त्यांचा व्यवसाय आहे. आठ महिन्यांपूर्वी मंचरच्या एका एजंटामार्फत त्यांनी २०१७ ची पिकअप साडेचार लाखांना घेतली. त्यासाठी दोन लाख घरचे घातले आणि तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने, तीन वर्षांच्या मुदतीने काढले. महिन्याला सरासरी १६ फेऱ्या होतात आणि डिझेल, टोल, हमाली वजा जाता फेरीमागे २,२०० रुपये हातात राहतात. बचत खात्यात ७० हजार आहेत.

गेल्या दोन महिन्यांपासून ६५ ते ७५ च्या वेगाला स्टेअरिंग जोरात थरथरते. ६० च्या खाली काही जाणवत नाही. दोनदा अलाइनमेंट करून फरक पडला नाही. गॅरेजने स्टेअरिंग बॉक्स, टायरॉड एंड, बॉल जॉइंट आणि बेअरिंग असे सगळे बदलण्याचे ३८ हजारांचे अंदाजपत्रक दिले आहे. दुसरीकडे शोरूमवाले ही गाडी सव्वातीन लाखांना एक्सचेंजमध्ये घेऊन सव्वाअकरा लाखांची नवी पिकअप द्यायला तयार आहेत; उरलेल्या आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ‘नऊ टक्क्यांनी’ मिळेल. ३८ हजार घालावेत की नवी गाडी घ्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर असे की सध्या दोन्ही करू नका. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलेली दोन वाक्ये मला या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक काळजीची वाटतात, आणि या उत्तराचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च होणार आहे.

आधी स्टेअरिंग. ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच थरथर येणे हे बहुतेक वेळा पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगचे, टायरचे किंवा वाकलेल्या रिमचे लक्षण असते. अलाइनमेंट बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायरची कड झिजते. केवळ त्यामुळे स्टेअरिंग असे हादरत नाही, त्यामुळे दोनदा अलाइनमेंट करूनही फरक पडला नाही यात नवल नाही. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर आली असती तर डिस्कवर संशय घेतला असता, स्टेअरिंगऐवजी सीट आणि फ्लोअर हादरले असते तर मागची चाके किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहायला सांगितले असते, आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर असती तर बेअरिंगकडे वळलो असतो. तुम्ही यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

म्हणून तपास स्वस्तापासून सुरू करा. चारही रिम आतल्या बाजूने धुऊन घ्या, कारण शेतातून माल उचलणाऱ्या गाडीच्या रिममध्ये आत वाळून बसलेला चिखलाचा थर एवढ्यानेही चाकाचा तोल जातो. टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवून फुगा आहे का ते पाहा. फुगा सापडला तर त्या टायरवर एकही फेरी करू नका. गाडी देताना एजंटाने ‘नवे टायर’ टाकून दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. टायरच्या कडेवर कारखान्याचा चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. तिथे २३१६ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि वरची नक्षी नवी दिसत असली तरी तो रिमोल्ड केलेला (जुन्यावर नवे रबर चढवलेला) असण्याची शक्यता मोठी. यानंतर चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. हे काम साधारण हजार रुपयांत होते. तरीही फरक पडला नाही तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे टाकून त्याच रस्त्यावर चालवा. थरथर स्टेअरिंगवरून सीटखाली सरकली तर दोष चाकातच आहे, आणि स्टेअरिंग बॉक्सला हात लावण्याचे कारण उरत नाही.

सांध्यांची तपासणीही तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि ढिलेपणा लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर लागला तर टायरॉड एंड. जो भाग खरोखर हलतो तोच बदला, पण तो मात्र लगेच बदला, कारण माळशेज घाट उतरताना टायरॉड एंड निसटणे म्हणजे जिवाशी गाठ आहे. माझा अंदाज असा की हे सगळे २० हजारांच्या आत बसेल, तेही दोन नवे टायर घ्यावे लागले तर. मेकॅनिकने एकही चाक जॅकवर न उचलता सगळे बदलण्याचे अंदाजपत्रक लिहून दिले असेल तर दुसरा मेकॅनिक गाठा.

नव्या पिकअपचा हिशेब लवकर संपतो. शोरूममधले ‘नऊ टक्के’ हे फ्लॅट आहेत, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवरच लावले जाते. पाच वर्षांचे व्याज ३ लाख ६० हजार, महिन्याचा हप्ता सुमारे १९,३००, आणि घटत्या शिलकीच्या (उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरणाऱ्या) पद्धतीने हाच दर जवळपास १६ टक्के पडतो. चालू वैयक्तिक कर्जाचा हप्ता सुमारे १०,२५० आहे. तुमची महिन्याची कमाई ३५ हजार. त्यातून दोन्ही हप्त्यांचे साडेएकोणतीस हजार गेले की साडेपाच हजार उरतात, आणि पुढे ज्या पॉलिसीबद्दल लिहिणार आहे तिचे महिन्याला पडणारे चार हजारही त्यातूनच जायचे आहेत. घर दीड हजारात चालणार नाही.

नवी गाडी आल्यावर महिन्याला २५ फेऱ्या होतील असे तुम्ही धरले आहे, पण फेऱ्यांची संख्या गाडीच्या वयावर ठरत नसून मालाच्या आवकेवर आणि भाडे देणाऱ्या व्यापाऱ्यांवर ठरते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो महागला तो आवक घटली म्हणून. भाव वाढले की वाहतूकही वाढते ही समजूत त्या वर्षीही खोटीच होती. गेल्या आठ महिन्यांत गाडी बंद असल्यामुळे किती भाडी हुकली ते वहीत पाहा. पत्रात अशा एकाही भाड्याचा उल्लेख नाही.

आता पत्रातले पहिले वाक्य. तुम्ही लिहिता, “गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, पण टीटी (नावबदलाच्या) फॉर्मवर त्यांच्या सह्या घेतल्या आहेत आणि विमा फेब्रुवारीपर्यंत चालू आहे.” हा विमा खरेदीच्या वेळी एजंटानेच जुन्या मालकाच्या नावाने उतरवला आहे. थोडक्यात, साडेचार लाखांची गाडी तुम्ही रात्री-अपरात्री घाटातून चालवता आणि सरकारी नोंदीत तिच्याशी तुमचा काहीही संबंध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आज आठ महिने होऊन गेले आहेत.

याच कायद्याच्या कलम १५७ कडे बोट दाखवून एजंट सांगतात की गाडी विकली की विमाही आपोआप नव्या मालकाकडे जातो. हे अर्धेच खरे आहे. समोरच्या माणसाला किंवा त्याच्या मालमत्तेला झालेल्या नुकसानीपुरता तो जातो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला किंवा चोरीला हा नियम लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे. त्यासाठी गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर स्वतःचे नाव लावून घ्यावे लागते. त्यातच जुन्या मालकाच्या नो क्लेम बोनसची (दावा न केल्याबद्दलची) सवलत घेऊन हा हप्ता कमी केलेला असेल, तर तीही तुम्हाला लागू नाही, कारण तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. उद्या गाडी उलटली तर पॉलिसीचा कागद तुमच्या हातात असूनही दावा फेटाळला जाईल, आणि बँकेचा १०,२५० चा हप्ता मात्र चालूच राहील.

याहून गंभीर गोष्ट तुमच्या घरच्यांची आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा त्यालाच मिळतो, जो गाडीचा नोंदणीकृत मालक आहे, ज्याचे नाव पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे. तुमच्याकडे यांपैकी फक्त परवाना आहे. तुमचे काही बरेवाईट झाले तर पत्नीला या १५ लाखांतला एक रुपयाही मिळणार नाही. जुना मालकही सुटलेला नाही; नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, त्यामुळे अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. हे त्याला समजावून सांगा, म्हणजे सह्यांसाठी तोच घाई करील. त्याचे निधन झाले तर तुम्हाला त्याच्या सगळ्या वारसांच्या संमतीमागे फिरावे लागेल.

त्यामुळे याच आठवड्यात जुन्या मालकाला भेटा. आरसी बुकवर त्याच्या जुन्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. त्याशिवाय नावबदल पुढे सरकणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वरील सह्या ताज्या करून घ्या, फिटनेस प्रमाणपत्राची तारीख पाहा (आठ वर्षांनंतर ते दरवर्षी करावे लागते), आणि अर्ज दाखल झाल्याची पावती जोडून विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीवर तुमचे नाव चढेपर्यंत घाटातून रात्रीचे भाडे घेऊ नका. चार फेऱ्या बुडाल्या तर नऊ हजार जातील; ते जाऊ द्या.

बचतीतले ७० हजार याच कामांसाठी आहेत. दुरुस्ती आणि टायरला २० हजार, नावबदल आणि विम्यातील फरकाला साधारण १० हजार धरा. फेब्रुवारीच्या नूतनीकरणाला ३० हजारांच्या आसपास लागतील, कारण या वर्गातल्या गाडीला केवळ त्रयस्थ पक्षाचाच हप्ता १६ हजारांच्या वर आहे. ती रक्कम आत्ताच बाजूला काढा.

दुसरे वाक्य असे, “कर्ज देताना बँकेने एक चांगली गुंतवणुकीची पॉलिसीही करून दिली, पैसे दुप्पट होतात.” दोन लाख घरचे आणि तीन लाख कर्जाचे मिळून पाच लाख होतात, तर गाडी साडेचारची. उरलेल्यांपैकी ४८ हजार या पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यापोटी कर्जाच्या रकमेतूनच वळते झाले, हे तुमच्या आकड्यांवरूनच दिसते. १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडताना हा हप्ता तुम्हाला सुमारे ५९ हजारांना पडेल. बारा वर्षे ४८ हजार भरायचे, म्हणजे पावणेसहा लाख, आणि विसाव्या वर्षी साडेअकरा लाख मिळणार. हे दुप्पट होणे वर्षाला जेमतेम ५ टक्क्यांचे आहे. १४ टक्क्यांनी उसने घेऊन ५ टक्क्यांत गुंतवायला लावणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हता. पॉलिसीचे विमाकवच फक्त पाच लाखांचे आहे. त्यातून कर्ज फिटून घर वर्षभर चालेल, पुढे काय? तुमच्या वयाला ५० लाखांचा साधा मुदत विमा, तब्येत चांगली असल्यास, वर्षाला दहा हजारांच्या आसपास मिळू शकतो. तो आधी घ्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही आजच सुरू करा.

चार महिन्यांनी येणारा दुसरा ४८ हजारांचा हप्ता भरू नका, आणि बँकेतून तो परस्पर वजा होऊ नये म्हणून खात्यावरील आदेश लेखी अर्ज देऊन रद्द करा. पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची ३० दिवसांची मुदत संपली आहे, पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असल्यास पहिले वर्ष संपल्यावर पॉलिसी सोडून काही रक्कम परत मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. त्याच पत्रात ही पॉलिसी कर्जाची अट म्हणून माथी मारली गेली अशी तक्रार करून पूर्ण हप्ता परत मागा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे आणि तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीला कर्जखात्याचा उतारा जोडायला विसरू नका, कारण कर्ज जमा झाले त्याच दिवशी ४८ हजार विमा कंपनीकडे वळते झाल्याची नोंद त्यात असेल आणि तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.