बहिणीच्या दत्तकासाठी १५ लाख द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: वडगाव शेरीतलं मराठी ख्रिस्ती कुटुंब. पती ५१ वर्षांचे, खासगी नोकरीत. पत्नी ४७ वर्षांची, परिचारिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार हातात येतात. घराच्या हप्त्यासह खर्च ९० हजार. एफडी १४ लाखांची, तीन पावत्यांत (४, ५ आणि ५ लाख). पीपीएफमध्ये ११ लाख. मुलगी अकरावीत. ७९ वर्षांची आई सोबत राहते, तिचा आरोग्य विमा नाही. धाकटी बहीण आणि मेहुणे डॅलसजवळ राहतात, दोघेही अमेरिकन नागरिक, दोन मुलं, वार्षिक उत्पन्न ९५ हजार डॉलर. भारतातून विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घ्यायचं त्यांनी ठरवलंय. टाळू दुभंगलेलं किंवा कमी ऐकू येणारं, ४ वर्षांपर्यंतचं मूल चालेल असं कळवलंय. मूल अजून सुचवलं गेलेलं नाही. तिथल्या एजन्सीने एकूण खर्च ३२ हजार डॉलर सांगितला आहे आणि त्यांच्याकडे १५ हजार आहेत. भावाकडे १५ लाख रुपये उसने मागितलेत. अमेरिकेतली कर-सवलत मिळाली की दोन वर्षांत परत करू, तारण म्हणून आईच्या राहुरीच्या प्लॉटमधला हिस्सा धरा, असं त्यांचं म्हणणं. चर्चच्या मंडळीतल्या काहींचा सल्ला आहे की ओळखीच्या मिशनच्या बालगृहाला देणगी दिली तर काम लवकर होईल. पत्रलेखक विचारतात, पैसे देऊ का, आणि दशांशातून, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातून, दिले तर चालतील का?

१५ लाख देऊ नका. ४ लाख द्या. तेही उसने नाही, भेट म्हणून, आणि आत्ता नाही, मूल न्यायला येण्याची तिकिटं काढायची वेळ येईल तेव्हा.

आकडा ४ वर कसा आला ते आधी बघू. सहा महिन्यांचा घरखर्च ५ लाख ४० हजार. आईसाठी अडीच लाख बाजूला हवेतच; ७९ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर रुग्णालय आधी अनामत मागतं. मुलीचं पहिल्या वर्षाचं शुल्क आणि प्रवेशाच्या धावपळीचा खर्च मिळून २ लाख. झाले ९ लाख ९० हजार. १४ मधून उरले ४ लाख १० हजार, म्हणजे तुमची सगळ्यात छोटी पावती. ती एकच मोडायची, बाकीच्या दोघींना हात लावायचा नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजदरात साधारण अर्धा ते एक टक्का कापते, तेवढं सोसा.

पीपीएफ या हिशेबात मुद्दामच धरलेला नाही, तो मुलीच्या पुढच्या वर्षांसाठी. शिवाय ११ लाख शिल्लक आहे म्हणून साडेपाच लाख सहज निघतील असा समज असेल तर तो सोडा. खातं चालू असताना काढता येणारी रक्कम चार वर्षांपूर्वीच्या वर्षअखेरची शिल्लक आणि मागच्या वर्षअखेरची शिल्लक यांतली जी कमी असेल तिच्या निम्मी असते.

आईसाठी या महिन्यातच एक काम करा. ७० वर्षांवरच्या नागरिकांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. मात्र तुमच्या घराजवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे आणि कोणत्या उपचारांसाठी आहे, हे कार्ड काढतानाच बघून ठेवा. ऐनवेळी रुग्णवाहिकेत बसून ते शोधता येत नाही. आणि या कार्डाच्या भरवशावर ते अडीच लाख मोकळे करू नका.

आता ‘कर-सवलत आली की परत करू’ याकडे. बहीण खोटं बोलत नाहीये, पण हिशेब तिने अर्धाच ऐकलेला दिसतो. अमेरिकेत दत्तकाच्या खर्चावर २०२५ साठी एका मुलामागे जास्तीत जास्त १७,२८० डॉलरचं कर-क्रेडिट आहे. त्यातले फक्त ५,००० डॉलर कर शून्य झाला तरी रोख परत मिळू शकतात. उरलेले १२,२८० त्यांनी भरायच्या करातूनच वळते होतात. एका वर्षात संपले नाहीत तर पुढची पाच वर्षं नेता येतात. ९५ हजार उत्पन्नातून २०२५ ची ३१,५०० ची ठरावीक वजावट गेली की त्यांचा मूळ केंद्रीय कर ७,१०० डॉलरच्या आसपास येतो, आणि मुलांमागे मिळणारं वेगळं क्रेडिटही याच करातून जातं. म्हणजे हे पैसे थेंब थेंब येणार. दोन वर्षांत १५ लाख परत, हे त्या कागदावर बसत नाही. त्यांच्या सीपीएकडून (तिथल्या सीएकडून) वर्षवार आकडा काढून घ्यायला सांगा.

याच क्रेडिटबद्दल आणखी एक गैरसमज हमखास होतो. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी पूर्ण क्रेडिट मिळतं, असा नियम तिथे आहे खरा. पण तो दत्तकाची प्रक्रिया सुरू होताना अमेरिकेचं नागरिक किंवा निवासी असलेल्या मुलापुरताच. भारतातून येणारं मूल कितीही विशेष गरजांचं असलं तरी करखात्याच्या त्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष झालेल्या पात्र खर्चावरच क्रेडिट, तेही दत्तक अंतिम झाल्यावर. आधी भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती जपायला हवी.

मग त्यांचे उरलेले पैसे कुठून येतील? पहिला दरवाजा मेहुण्यांच्या कंपनीचा एचआर विभाग. तिथल्या बऱ्याच कंपन्या दत्तकासाठी मदत देतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ती करमुक्त असते. मात्र ज्या खर्चाची भरपाई कंपनीने केली त्यावर पुन्हा क्रेडिट मागता येत नाही. दुसरं म्हणजे, ३२ हजार एका दिवशी लागत नाहीत. अर्ज, गृहभेटीचा अहवाल, इमिग्रेशनची परवानगी, भारतात पाठवायचा कागदपत्रांचा संच, मूल स्वीकारल्यावर इथल्या दत्तक संस्थेचे ठरलेले ५,००० डॉलर, शेवटी प्रवास आणि व्हिसा असे टप्पे पडतात. त्यांच्याकडचे १५ हजार पहिल्या टप्प्यांना पुरावेत. मधल्या काळात महिन्याला ५०० डॉलर वेगळे काढले तरी दीड वर्षात ९ हजार होतात. वर तुमचे ४ लाख, एका डॉलरला ९० रुपये धरून सुमारे ४,४००. उरलेली फट लहान आहे. तिच्यासाठी त्यांनी तिथल्याच क्रेडिट युनियनचं (सहकारी पतसंस्थेचं) कर्ज घ्यावं. त्यांच्या कर्जाचा हप्ता डॉलरच्या पगारातून जावा, तुमच्या निवृत्तीतून नव्हे.

पैसे शेवटच्या टप्प्यावरच द्या असं सांगतोय, कारण अडचणी मधल्या टप्प्यांत येतात आणि तिथे गेलेले पैसे परत येत नाहीत. इमिग्रेशनची पहिली मंजुरी, आय-८००ए, १५ महिन्यांची असते. तेवढ्यात मूल सुचवलं गेलं नाही तर मुदतवाढ, आणि गृहभेटीचा अहवाल नव्याने अद्ययावत. घर बदललं, नोकरी बदलली, घरात कोणी राहायला आलं, तरी तो अहवाल बदलावा लागतो आणि दर वेळी फी पडते. सुचवलेल्या मुलाचा वैद्यकीय अहवाल वाचून डॉक्टरांनी नको म्हटलं, तर पुन्हा थांबणं. आणि नको म्हणण्याची मुभा त्यांना असायला हवी. तुमचे १५ लाख आधीच खर्च झालेले असतील, तर ती मुभा कागदावरच राहते.

बालगृहाला देणगी? अजिबात नको. भारतातल्या संस्थेतल्या मुलाचं दत्तक ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवरूनच होतं. ओळखीच्या बालगृहातलं मूल बोट दाखवून मिळत नाही, आणि दत्तक संस्थेला इच्छुक पालकांकडून रोख किंवा वस्तुरूपात, थेट किंवा दुसऱ्यामार्फत देणगी घ्यायला नियमाने बंदी आहे. तुमच्या नावाने दिलेली देणगी ‘दुसऱ्यामार्फत’मध्येच मोडेल आणि बहिणीची स्वच्छ फाइल अडकेल. खरं तर घाई करायची गरजही कमी आहे, कारण विशेष गरजांची मुलं परदेशातल्या पालकांना इतर मुलांपेक्षा लवकर दाखवली जातात.

तिथल्या चर्चने निधी जमवायचं ठरवलं असेल तर दोन गोष्टी बहिणीला आजच कळवा. दत्तक पूर्ण होईपर्यंत मुलाचा फोटो, नाव, संस्थेचं नाव पोस्टरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चर्चने जमवलेले डॉलर इथला खर्च भागवायला तुमच्या पुण्यातल्या खात्यात मागवायचे नाहीत. बहिणीने स्वतःच्या कमाईतले पाठवले तर प्रश्न नाही, पण परदेशी संस्थेचा पैसा खात्यात आला की परदेशी देणग्यांच्या कायद्याची भानगड मागे लागते.

राहुरीच्या प्लॉटचं तारण तर मुळातच पोकळ आहे. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात जन्माने हक्क मिळत नाही. आई हयात आहे तोवर प्लॉट आईचा, त्यात ना तुमचा हिस्सा ना बहिणीचा. आई उद्या मृत्युपत्र करून तो कुणालाही देऊ शकते. म्हातारीच्या जिवंतपणी तिच्या जागेवर भावाबहिणीने उसनवारी लिहून ठेवणं हे मला व्यवहारापलीकडेही बरं वाटत नाही. आणि ‘आपल्यात दत्तक कायद्यात बसत नाही’ असं आई म्हणत असेल, तर ते जुन्या काळापुरतं बरोबर होतं. १९५६ चा दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नाही, म्हणून पूर्वी १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. बाल न्याय कायदा सर्व धर्मांना लागू आहे आणि २०१५ च्या कायद्यातल्या कलम ६३ प्रमाणे दत्तक मूल वारशासकट सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखंच. आईला मृत्युपत्र करायचं असेल तर हे माहीत असूनच करू दे.

बहिणीचा खरा खर्च मूल घरी पोचल्यावर सुरू होईल, आणि एजन्सीच्या ३२ हजारांत तो नसतो. मुलाचं नाव मेहुण्यांच्या नोकरीतल्या विम्यात दत्तक झाल्यापासून किंवा दत्तकासाठी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत घालायला हवं. तेवढ्यात घातलं तर आधीपासूनचे आजार म्हणून नाकारता येत नाही. तरी विमाधारकाचा वाटा असतोच. २०२५ मध्ये तिथल्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त १८,४०० डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागू शकत होते. टाळूचं काम एका शस्त्रक्रियेत संपत नाही. कानात साचणारं पाणी, वाचा-उपचार, ८ ते १२ व्या वर्षांच्या सुमारास हिरडीच्या हाडाचं रोपण, दातांना तारा, काहींना वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. दातांचा भाग वैद्यकीय विम्यात की दंतविम्यात यावर तिथे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. पॉलिसीतलं ते कलम आत्ताच वाचून घ्यायला सांगा. वाचा-उपचाराचा काही भाग मात्र सरकारी शाळेतून मोफत मिळू शकतो. तिसऱ्या वर्षापासून शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करता येते. शिवाय पहिली दोन वर्षं भारतात पाठवायचे पाठपुरावा अहवाल, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहामाही. त्यांची फी बहुधा एजन्सी वेगळी लावते.

म्हणून तुम्हाला आणखी काही करावंसं वाटत असेल तर महिना १० हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. दीड वर्षात व्याज सोडून १ लाख ८० हजार होतील आणि ते त्या पहिल्या वर्षाला उपयोगी पडतील. हे मुलीच्या क्लासच्या पैशातून काढायचे नाहीत, जमलं तरच.

बहीण मूल न्यायला आली की तुमच्याकडे उतरेल असं गृहीत धरून राहण्याचा खर्च यादीतून काढू नका. पोर्टलवरची मुलं देशभरातली असतात. मूल ओडिशातलं असलं तर त्यांचा मुक्काम तिकडे, आणि व्हिसासाठी दिल्ली. दत्तकाचा आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक आंतरराष्ट्रीय करारानुसार झाल्याचं), जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट एकामागून एक होतात, एक लांबला की सगळं लांबतं. आदेश आणि पासपोर्ट झाल्यावरच तिकीट काढायचं, तेही तारीख बदलता येणारं.

दशांशाचा प्रश्न तुमचा आणि तुमच्या पाळकांचा. माझ्या वहीत एवढंच लिहिता येईल की व्यक्तीला दिलेल्या भेटीवर ८०जीची, म्हणजे देणगीवरची, आयकर सूट मिळत नाही. आणि दशांश धरून ४ लाख, त्याखेरीज वेगळे ४ लाख, असं होऊ देऊ नका.

पाठवायची पद्धत. ४ लाख तुमच्या खात्यातून थेट बहिणीच्या अमेरिकेतल्या खात्यात, उद्देश ‘वैयक्तिक भेट’, बँकेचा ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत अशा रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. पूर्ण १५ लाख तुमच्या एका पॅनवर गेले असते तर वरच्या ५ लाखांवर २० टक्के, म्हणजे १ लाख रुपये, कर विवरणपत्र भरेपर्यंत अडकले असते. बहिणीच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या खात्यात) रुपयांत बिनव्याजी कर्ज देण्याची सोय आहे, पण ते पैसे देशाबाहेर नेता येत नाहीत. एजन्सीची फी त्यातून भरली जाणार नाही. एका पानाचं भेटपत्र करा: नातं, रक्कम, तारीख, परतफेडीची अपेक्षा नाही, दोघांच्या सह्या. तिला तिथे या भेटीवर कर नाही. परदेशातून आलेल्या भेटींची माहिती वर्षाला एक लाख डॉलरवर गेल्यासच द्यावी लागते. पैसे पाठवण्याआधी तिच्याकडून कारा आणि दत्तक आदेशाच्या कागदांची प्रत मागून घ्या. पावती मोडायची ती त्यानंतर.