‘सोने लुटणे’ आणि इंग्रजीतील ‘प्लंडर’

कोल्हापूरच्या दसरा चौकातील दसऱ्याच्या सोहळ्याचा वृत्तान्त इंग्रजीत लिहिताना ‘लोकांनी सोने लुटले’ या वाक्यासाठी ‘प्लंडर’ हे क्रियापद चालेल का, असे आपण विचारले आहे. ते चालणार नाही.

‘प्लंडर’ म्हणजे युद्धाच्या किंवा दंग्याच्या धामधुमीत एखादे गाव, देवालय वा कोठार बळजबरीने लुटून नेणे. हा शब्द तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–१६४८) काळात जर्मनमधून इंग्रजीत आला. मूळ जर्मन नामाचा अर्थ घरातील चीजवस्तू, कपडालत्ता असा होता, आणि गावात शिरलेले सैनिक नेमके तेच उचलून नेत. १६४२ साली इंग्लंडमध्ये यादवी पेटल्यावर तो तिकडे सर्रास रुळला, आणि त्यातली जबरदस्तीची छटा आजही गेलेली नाही. त्याचे कर्म बहुधा ठिकाण किंवा माल असतो: ‘द आर्मी प्लंडर्ड द टाउन’. एकट्या वाटसरूला लुटले तर ‘रॉब’ म्हणावे. अवाच्या सव्वा बिल लावून गिऱ्हाइकाला लुटले तर ‘फ्लीस’. सरकारी तिजोरी किंवा जंगले ओरबाडण्याला मात्र लाक्षणिक अर्थाने ‘प्लंडर’ शोभते.

मग ‘लूट’च का वापरू नये, असे वाटेल, कारण तो शब्द इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडूनच उचलला. पण त्यांनी नेली ती फक्त हिंसेची बाजू. आनंद लुटणे, सोने लुटणे इकडेच राहिले. संक्रांतीला बायका वाण लुटतात तेव्हा तर लुटणे म्हणजे चक्क वाटणे असते! दसरा चौकात शमीपूजन होताच आपट्याच्या पानांसाठी झुंबड उडते हे खरे, पण ती पाने लुटण्यासाठीच मांडलेली असतात, आणि घरी आल्यावर तीच थोरांच्या हातावर ठेवून आपण नमस्कार करतो. यात कोणाचेही काही हिरावले जात नाही.

म्हणून माझे मत असे, की ‘सोने’ हा शब्द तसाच ठेवावा, तो आपट्याच्या पानांसाठी आहे हे पहिल्याच उल्लेखात सांगावे, आणि क्रियापद साधे घ्यावे: ‘पीपल रश्ड टु गॅदर सोने’.