टांझानियाच्या शाळेत शिकवायला जायचंय?

टांझानियातल्या एका खेड्यात, सरकारी प्राथमिक शाळेत, मी दोन वर्षं स्वयंसेवक शिक्षक होतो. त्याविषयी लिहिल्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना आज उत्तरं देतो.

मी 23 वर्षांची आहे. नोकरी सुरू व्हायला दोन महिने आहेत. एक संस्था चार आठवड्यांसाठी अरुशाजवळच्या शाळेत शिकवायला पाठवते. खर्च दीड लाख, शेवटी सफारी. जाऊ का? (पुणे)

शिकवायला म्हणून जाऊ नकोस. तुझ्या मनात खोट नाही, पण चार आठवड्यांत त्या मुलांच्या हाती काही लागणार नाही.

तिथल्या सरकारी शाळांत पहिली ते सातवीचं शिक्षण स्वाहिलीतून चालतं. एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं असणं नेहमीचंच. नावं पाठ होईपर्यंत तुझा महिना संपेल. तुझ्यामागून दुसरी ताई येईल आणि पुन्हा ए, बी, सी आणि रंगांची नावं सुरू होतील. मुलं दर महिन्याला एका माणसाला जीव लावतात आणि दर महिन्याला ते माणूस निघून जातं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचा गंध नसलेली, शिक्षणशास्त्र न शिकलेली परदेशी मुलगी महिनाभर वर्ग घेऊ लागली, तर आपण पालक म्हणून चालवून घेतलं असतं का?

दुसरी गोष्ट मला जास्त डाचते. टांझानियात शिक्षक कमी आहेत, तरीही प्रशिक्षण घेतलेले हजारो तरुण नेमणुकीची वाट बघत घरी बसलेत, कारण पगाराला पैसे नाहीत. म्हणून संस्थेला विचार: दीड लाखातले किती शाळेपर्यंत पोचतात? स्वयंसेवक हवा अशी मागणी शाळेने केली होती का? तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला का? मागितला नसेल तर तिथून परत फिर. जी संस्था तुला न तपासता मुलांजवळ सोडते, ती कुणालाही सोडेल.

आणि अनाथाश्रमात 'मदत' करायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हण. अशा ठिकाणच्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं घरापासून तोडून आणली जातात.

किलिमांजारो बघायची ओढ असेल तर खुशाल प्रवासी म्हणून जा. त्यात काहीच वाईट नाही.

मी निवृत्त शिक्षक, मराठी माध्यमात 32 वर्षं गणित शिकवलं. इंग्रजी बेताचं आहे. माझा तिथे काय उपयोग? (सातारा)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्यासारख्यांनीच जावं.

तिथे सातवीपर्यंत स्वाहिली आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी. हुशार मुलं त्या उंबरठ्यावर अडखळतात. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाची पहिल्या सहामाहीतली अवस्था तुम्ही पाहिली आहे. ती ओळखणारा माणूस तिथे हवा.

मात्र आधी सहा महिने स्वाहिली शिका. अवघड नाही. लिपी रोमन, पण उच्चार लिहिल्याबरहुकूम. साबण 'साबुनी', रंग 'रांगी', विमा 'बिमा', लाख 'लाकी'. पुस्तक 'किताबू', अनेकवचन मात्र 'विताबू': अरबी शब्दाला या भाषेने आपलं व्याकरण लावून टाकलंय. आकडे तर गणिताच्या शिक्षकाने प्रेमात पडावं असे. एकवीस म्हणजे 'इशिरिनी ना मोजा', वीस आणि एक. एकोणतीस म्हणजे वीस आणि नऊ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! तिथली मुलं जन्मापासून तसंच मोजतात. एकोणसाठ-एकोणसत्तरची तारांबळ त्यांच्या वाट्याला येत नाही.

घड्याळाचं तेवढं सांभाळा. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. 'सा म्बिली'ला ये म्हटलं तर दोनला नाही, आठला जायचं. मी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना ताटकळत ठेवलं होतं.

वर्ग एकट्याने घेऊ नका. तिथल्या शिक्षकाच्या शेजारी उभे राहा, सोबत पाठाची तयारी करा. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून दशक-एकक शिकवणं मी तिथल्याच एका बाईंकडून शिकलो. किमान एक शैक्षणिक वर्ष द्या. ते जानेवारीत सुरू होतं. आणि त्या देशात शिक्षकाला मान आहे: राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरे पेशाने शिक्षक, आजही लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणजे गुरुजीच म्हणतात. तुम्हालाही तीच हाक मिळेल.

व्हिसा आणि लसींचं काय? (नाशिक)

पर्यटक व्हिसावर वर्गात उभं राहता येत नाही. बिनपगारी काम हेही तिथे कामच. त्यासाठी 'सी' वर्गाचा (Class C) निवास परवाना लागतो, तो बोलावणाऱ्या संस्थेने काढून द्यायचा. 'पर्यटक व्हिसावर चालतं' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या, निघण्याआधी किमान दहा दिवस. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. वाटेत केनिया किंवा इथिओपियात राहून भारतात परतताना ते जवळ नसेल तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. मलेरिया तिथे जिवावर बेततो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, मच्छरदाणीत झोपा. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर कुठे होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

मी शाकाहारी आहे. जमेल का? (सांगली)

सहज. मक्याच्या पिठाचा घट्ट 'उगाली', राजम्यासारखे 'महारागे', माठाच्या जातीची 'म्चिचा' ही पालेभाजी. चपातीला तिथेही 'चपाती'च म्हणतात. फक्त 'दगा' म्हणजे सुकवलेले बारीक मासे, आपल्या सुकटीसारखे. ते भाजीत घालत नाहीत ना, एवढं विचारून घ्या. तेल-मसाला कमी असतो, लोणच्याची बरणी न्या.

मी सध्या टांझानियातल्या शाळेत आहे. शेजारच्या वर्गातले सर मुलांना छडीने मारतात. रात्री झोप लागत नाही. काय करू?

ही अस्वस्थता मी ओळखतो. तिथल्या कायद्यात छडी अजून आहे, पण बंधनं घालून: मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या शिक्षकानेच, चारपेक्षा जास्त फटके नाहीत, आणि वहीत नोंद. रोज चालतं ते बहुधा यात बसत नाही. आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली, आणि तुझ्या वडिलांना विचार, त्यांच्या शाळेत काय होतं.

मुलांसमोर त्या सरांना अडवू नकोस. त्यांची मान खाली गेली तर राग मुलांवरच निघेल, आणि तू काही महिन्यांत निघून जाशील. मुख्याध्यापकांशी, 'म्वालिमू म्कू'शी, एकट्याने बोल. तक्रार म्हणून नको, 'मला काय करता येईल' असं विचार. ऐंशी मुलं एकट्याने सांभाळणाऱ्या सरांचा एखादा तास दोघांनी मिळून घेऊया असं सुचव. माझ्या शाळेत सहा-सहाचे गट पाडून प्रत्येक गटाला एक प्रमुख दिला तेव्हा आवाज निम्मा झाला. छडी टेबलावरच राहायची, उचलली मात्र क्वचित जायची.

पण मुलाला जखम झाली, वळ उठले, मूल शाळेला यायला घाबरू लागलं, तर थांबू नकोस. त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळव. आणि त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी भेट. ते 'शिकामो' म्हणेल, हा मोठ्यांना करायचा नमस्कार. उत्तरादाखल 'मराहाबा' म्हण, आणि त्याच्यासोबत वर्गापर्यंत चालत जा.