वाचक विचारतात : जागलीची बॅटरी आणि रानडुकरांचे डोळे

प्रश्न : भोर तालुक्यात आमचे भात आणि भुईमूग आहे आणि रानडुकरांमुळे रात्री जागलीला जावे लागते. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तेथे हिरव्या उजेडात रानडुकरांची शिकार करतात, असे सांगून तो हिरवी बॅटरी पाठवायची म्हणतो. तपकीर गल्लीतील दुकानदार मात्र दहा हजार ल्युमेनची पांढरी बॅटरी घ्या म्हणतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. भाचा सांगतो ते खोटे नाही, पण त्याचे आणि तुमचे काम एकमेकांच्या अगदी उलट आहे. टेक्सासमधील शिकाऱ्याला डुक्कर जागेवर उभे राहायला हवे असते, तर तुम्हाला ते पळून जायला हवे आहे.

डुकराच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक निळ्या उजेडाला आणि दुसरी हिरव्या-पिवळ्या उजेडाला प्रतिसाद देणारी. त्यामुळे तांबडा उजेड त्याला फार मंद दिसतो आणि हिरवा बऱ्यापैकी दिसतो. तरीही तेथील अनेक शिकारी हिरवाच पसंत करतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडात लांबचे अधिक स्पष्ट दिसते. ते उजेड एकदम अंगावर टाकत नाहीत. आधी झोताची कड जनावराच्या आसपास फिरवतात आणि मग हळूहळू उजेड वाढवतात. हा सारा खटाटोप डुक्कर बुजू नये यासाठी असतो. तुम्ही मात्र पांढराच उजेड घ्या आणि तो बांधावरून अचानक, थेट तोंडावर टाका. मचाणावर बसून वाट पाहताना एखादा मंद तांबडा दिवा जवळ ठेवावा, कारण अंधाराला सरावायला आपल्या डोळ्यांना अर्धा तास तरी लागतो आणि तंबाखूची डबी शोधण्यासाठी क्षणभर लावलेला पांढरा दिवा तो सारा सराव वाया घालवतो.

आता दहा हजार ल्युमेनविषयी. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. झोत किती लांब जाईल हे कँडेला या मापावर ठरते. त्याचा हिशेब सोपा आहे : कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करावी, तितक्या मीटरवर साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोहोचतो. म्हणजे दहा हजार कँडेलाची बॅटरी २०० मीटरपर्यंत जाते, आणि दोन-तीन एकरांच्या रानाला तेवढे पुरेसे आहे. दिव्याभोवतीची चकचकीत वाटी खोल आणि रुंद असेल तर बॅटरी लांब झोत टाकते, उथळ वाटीची जवळच पसरते. दुकानदार छतावर उजेड पाडून दाखवतो, त्यावरून काहीच कळत नाही. संध्याकाळी दुकानात जावे आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर झोत टाकून पाहावा.

भाताच्या दिवसांत भोरकडे रिमझिम आणि धुके असते. अशा वेळी डोक्याला बांधायचा दिवा निरुपयोगी ठरतो, कारण डोळ्यांजवळून निघालेला उजेड थेंबांवर आपटून परत डोळ्यांतच येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. हातातली बॅटरी कमरेजवळ धरली की हाच त्रास बराच कमी होतो. शिवाय रोज एकाच जागेवरून उजेड टाकू नका. एकाच जागी लुकलुकणाऱ्या सौर दिव्यांना डुकरे काही दिवसांत सरावतात आणि त्यांच्याखालीच शेंगा उकरत बसतात.

भाच्याला एवढेच कळवा की टेक्सासमध्ये रानडुक्कर बाहेरून आलेला प्राणी आहे, आणि २०१९ पासून तेथे खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्याची शिकार करायला परवानाही लागत नाही. आपल्याकडे हे जनावर मूळचेच आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्याला लागू आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर कलम ११ प्रमाणे लेखी परवानगी मिळू शकते, आणि त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कुंपणात थेट घरची वीज सोडण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्या तारेला पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीच चिकटतो.

प्रश्न : जुन्नरकडे उसाच्या कडेला बॅटरी मारली की डोळे चमकतात. ते डुक्कर आहे की बिबट्या, हे कसे ओळखावे?

उत्तर : डोळे चमकले म्हणजे ते बहुधा डुक्कर नाही. बिबट्या, मांजर, कुत्रा, कोल्हा, गाय यांच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो, तो डुकराला नसतो. डुक्कर झोतात काळ्या ढेकळासारखे दिसते आणि आधी ऐकू येते ते त्याचे फुरफुरणे. चमकणाऱ्या डोळ्यांच्या रंगावरून मात्र प्राणी ठरवू नये, कारण जनावराने मान थोडी वळवली तरी रंग बदलतो. शंका आली की पुढे जाऊ नका आणि खाली वाकूही नका. झोत तसाच धरून मोठ्याने बोलत, पाठ न फिरवता मागे सरा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. उसात एकट्याने जागल करू नये, हे तिकडच्या मंडळींना मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : ९९०० एमएएचचा सेल शंभर रुपयांत मिळतो. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचे माप. बॅटरीत घालायच्या १८६५० या मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सेलमध्ये चांगल्या कंपनीलाही साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच बसवता येतात. खरा सेल सुमारे ४५ ते ५० ग्रॅम भरतो. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा. तो ३० ग्रॅमच भरला, तर मध्यरात्री बॅटरी का विझते ते तेथेच कळेल.