महागडा विंगर ठेवावा की द्यावा?

प्रश्न : एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगमधील कॅरोलिना संघाने मिक्को रांटानेन हा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू) जानेवारी 2025 मध्ये घेतला आणि मार्चमध्येच डॅलसला देऊन टाकला. हा आतबट्ट्याचा व्यवहार नव्हे का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : वरवर तसे दिसते खरे. परंतु त्याचा करार त्याच हंगामाअखेर संपत होता आणि नव्या दीर्घ कराराचे कॅरोलिनाशी जुळत नव्हते; म्हणजे त्याला ठेवून घेतले असते, तर उन्हाळ्यात तो काहीही मोबदला न देता निघून जाण्याची भीती होती. डॅलसकडून मात्र लोगन स्टँकोव्हन हा तरुण फॉरवर्ड आणि ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) निवडीचे चार हक्क मिळाले, त्यांपैकी दोन पहिल्या फेरीचे. डॅलसने रांटानेनशी आठ वर्षांचा, वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. वेतनावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये एकाला एवढे दिले की इतरांच्या वाट्याला कमी उरते. बाजारात बैलजोडी विकणारा शेतकरीही पुढच्या वखरणीला काय जुंपायचे, हे आधी ठरवतो. पुढे बाद फेरीच्या सातव्या सामन्यात रांटानेनने शेवटच्या सत्रात तीन गोल केले, तेही आपल्या जुन्या कोलोरॅडो संघाविरुद्ध! तरीही माझ्या मते कॅरोलिनाची चूक देण्यात नव्हती. कराराचे पक्के न करता घेण्यात होती.