फुटबॉलच्या सरावातून मुलांना हवामानबदल कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की पाचवी ते सातवीच्या मुलांना फुटबॉल शिकवता, शाळेने सरावातच हवामानबदलाचा विषय घ्यायला सांगितलाय, आणि तुम्हाला भाषण द्यायचं नाहीये. मी कोल्हापुरात याच वयाच्या मुलांचा सराव घेतो. २०१९ च्या महापुरानंतर मुलंच एवढे प्रश्न विचारायला लागली की हा विषय मैदानावर घ्यावाच लागला.

सगळ्यात आधी एक सांगतो. नेहमीच्याच सरावात कोनांना (खुणेसाठी मैदानावर मांडायच्या शंकूंना) ‘कारखाना’ आणि ‘झाड’ अशी नावं देऊन काही साधत नाही. मी तेच करून पाहिलं होतं. कारखान्यांमधून चेंडू काढायचा, झाडाला शिवून परत यायचं. मुलं मनापासून खेळली. शेवटी विचारलं, पृथ्वी तापते कशामुळे? उत्तर आलं, “कचरा टाकल्यामुळे, सर.” खेळाचा नियम आणि निसर्गाचा नियम एकच असायला हवा, हे मला त्या दिवशी कळलं. गोल होतो किंवा होत नाही त्याचं कारणच हवामानाचं कारण असलं पाहिजे.

त्यातून बसवलेला पहिला खेळ म्हणजे रिंगण. कोन मांडून वीसेक पावलं रुंद रिंगण करा. आत आठ मुलं, ती पृथ्वी. बाहेर दोन मुलं चेंडू घेऊन, ती सूर्य. रिंगणाच्या कडेवर चार बचाव करणारे, ते कार्बन डायऑक्साइड. सूर्याने दर पाच सेकंदांना एक चेंडू आत द्यायचा, तो कुणीही अडवायचा नाही. आतल्यांनी तो ड्रिबल करत किंवा पास देत बाहेर काढायचा, आणि तिथे मात्र बचाववाले अडवणार. अडवलेला चेंडू पुन्हा आत. बाहेर गेलेला सूर्याने उचलून परत वापरायचा, म्हणजे दहा-बारा चेंडूंत भागतं. दोन मिनिटांनी शिट्टी मारून आत किती चेंडू उरले ते मोजा. मग बचाववाले चारचे सहा करा आणि पुन्हा मोजा.

चारचे सहाच का? कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० च्या वर गेलेत. म्हणजे दीडपट. मुलांना हा आकडा आधी सांगू नका. दोन्ही डावांतले उरलेले चेंडू त्यांनी स्वतः मोजू देत, मग सांगा.

कुणीतरी हमखास विचारतं, “आत येणारा चेंडू का अडवायचा नाही?” त्या प्रश्नाची वाट बघा, कारण सगळा धडा तिथेच आहे. आत येतो तो उजेड, बाहेर जाते ती उष्णता. हा वायू उजेडाला वाट देतो आणि उष्णतेला अडवतो. सूर्य तेवढेच चेंडू देतोय, बाहेर पडायची वाट अवघड झालीय. ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं, असं बरीच मुलं (आणि पालकही) समजतात. तो गैरसमज इथे आपोआप सुटतो.

एक डाव बचाववाल्यांशिवायही खेळवा. रिंगण जवळजवळ रिकामं राहतं. उष्णता अडवणारे वायू हवेत नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते १५ च्या आसपास आहे. म्हणजे कार्बन डायऑक्साइड हा खलनायक नाही, तो प्रमाणाबाहेर वाढणं ही अडचण आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आतला ढीग वाढला की सहा जणांनाही सगळे चेंडू अडवता येत नाहीत, मग आत येणारे आणि बाहेर जाणारे पुन्हा जुळतात, फक्त आत आधीपेक्षा जास्त चेंडू राहतात. पृथ्वीचंही असंच होतं, जास्त तापमानावर जाऊन ती नवा समतोल गाठते.

मुलं तयार झाली की दर मिनिटाला एक नवा बचाववाला घाला. तीन मुलांना झाडं करा. त्यांनी आपसांत वीस पास पूर्ण केले की एक बचाववाला बाहेर. आमच्याकडे तिसऱ्या मिनिटालाच एक मुलगी ओरडली, “सर, आधी नवे घालायचे थांबवा!” झाडं लावायची असतातच, पण कोळसा आणि पेट्रोल जाळणं कमी करणं का आधी येतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरा खेळ पुराचा. चार रांगा लावायच्या, भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी. पाचवी सरस्वती गुप्त, ते मुलं आजीकडून ऐकून असतात. चारही रांगांतून चेंडू पंचगंगेच्या पट्ट्यात येतात आणि तिथल्या मुलांनी ते एका फटीतून पुढे काढायचे. आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. आम्ही ३५ पासून मोजतो, अडकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे एक फूट. आधी एकेक रांग खेळते, मग चारही एकदम. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस जोरात कोसळतो, हे मी इथे सांगतो. मग बाहेरची फट अर्धी करा. पूररेषेच्या आतली बांधकामं म्हणजे हीच अरुंद फट. पुराला धरणातला विसर्ग आणि बांधकामंही कारण असतात. सगळं हवामानबदलावर ढकलून मुलांना अर्धवट सांगू नका.

या खेळात माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला ४३ च्या वर गेलं की पंचगंगेतली मुलं बाद, असा नियम होता. ज्याच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं होतं तो मुलगा बाद झाल्यावर कडेला जाऊन बसला, पुन्हा खेळायला आलाच नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. ही मुलं ते बघून आली आहेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता कुणी बाद होत नाही. ३९ ची शिट्टी झाली की दोन जादा खेळाडू मदतीला धावतात. इशारा कशासाठी असतो हेही त्यात येतं.

पाणी प्यायच्या सुट्टीत २०१४ च्या विश्वचषकातला नेदरलँड्स–मेक्सिको सामना सांगा. फोर्तालेझाच्या उन्हात खेळ थांबवून खेळाडूंना पाणी दिलं होतं. कतारचं उदाहरण मात्र टाळा. २०२२ ची स्पर्धा हिवाळ्यात घेतली कारण तिथला उन्हाळा मुळातच तसा आहे, मुलांचा उगाच गोंधळ होतो.

एका वेळी पंधरा मिनिटं, दोन आठवड्यांतून एकदा, एवढं पुरतं. बोलणं तीन मिनिटांच्या वर नको, उरलेला वेळ त्यांना खेळू द्या. आठ वर्षांखालच्यांना यातलं काही देऊ नका, त्यांना नुसता चेंडू द्या.

तुमच्या गावची नदी कोणती ते कळवा, पुराचा खेळ तिच्या उपनद्यांवर बसवून देतो.